मी न पाहता भरलेले तीन रकाने

हृदयावरील उपचारासाठी लहान मुलाला झोपवताना औषधांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या वापरल्या जातात. त्यांपैकी कोणत्या जोडीने झोपलेले मूल अधिक सुखाने जागे होते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी ही टिपणे लिहायला घेतली. आमच्या मुलीला त्यांपैकी एक जोडी दिली गेली होती. ती कशी जागी झाली, हे पाहून लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. तेव्हा निदान एका मुलापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता यायला हवे होते.

मला ते देता येत नाही. त्याचे कारण वैद्यकीय नाही. ज्यांच्या मुलांवर असा उपचार व्हायचा आहे, त्या पालकांना ते कळणे उपयोगाचे आहे असे वाटते, म्हणून लिहितो.

दर वर्षी दोन किलो

मी जामनेर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमची मुलगी मनस्वी, वय वर्षे सात, माझ्याच वर्गात दुसरीला शिकत होती. घरी ती मला ‘पप्पा’ म्हणते आणि वर्गात ‘सर’. हा नियम मीच तिला घालून दिला होता आणि तिने तो कधीही मोडला नाही.

शाळेत प्रत्येक मुलाची उंची आणि वजन नोंदवण्याचे रजिस्टर असते. आमच्या शाळेचा वजनकाटा बिघडलेला होता. कोणी उभे नसतानाही त्याचा काटा तीनवर टेकलेला असे. दुरुस्तीसाठी मी दोनदा अर्ज केला. पुढे अर्ज करणेही सोडले आणि मागील वर्षीच्या वजनात दोन मिळवून नवे वजन लिहू लागलो. माझ्याआधीचे गुरुजी असेच करीत. आजूबाजूच्या काही शाळांतही असेच होते, असे गप्पांमधून ऐकले होते. माझे अक्षर चांगले आहे. त्यामुळे ते रजिस्टर दिसायला फार सुबक होते.

त्या पावसाळ्यानंतर मुलांच्या तपासणीसाठी डॉक्टरांचे पथक शाळेत आले. त्यातील तरुण डॉक्टरांनी रजिस्टर चाळले आणि हसून म्हणाले, “सर, तुमची सगळीच मुलं वर्षाला बरोबर दोन किलो वाढतात. छान शाळा आहे.”

मीही हसलो. मनस्वीचा नंबर आला तेव्हा त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, हात उंचावून शेजारच्या मुलांना गप्प केले आणि बराच वेळ ऐकत राहिले. त्यानंतर ते हसले नाहीत.

“हिचे पालक कोण?”

“मीच,” मी म्हणालो.

निदानाचा दिवस

जळगावला हृदयाची सोनोग्राफी झाली. मनस्वीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. ते जन्मापासूनचे होते. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून समजावून सांगितले. छिद्र मोठे होते, पण छाती न उघडता ते बंद करता येईल. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन एक लहानशी छत्री तेथे बसवायची. हे काम करणारे तज्ज्ञ महिन्यातून दोनदा धुळ्याला येतात. तेथे नाव नोंदवा, असे त्यांनी सांगितले.

माझी पत्नी सुनंदा सोबत होती. बाहेर पडून आम्ही जळगावातल्याच मेहरूणच्या रस्त्याला लागलो. मग तिने विचारले, “वजन वाढतंय का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही खाली का बघितलं?”

मी पावले जोरात टाकू लागलो.

“दोन वर्षं मी सांगतेय, पोरीला जिना चढताना धाप लागते. सारखा खोकला. मैत्रिणी लंगडी खेळतात, ही कडेला बसून राहते. तुम्ही काय म्हणायचात? वजन वाढतंय, रजिस्टरला आहे, काळजीचं कारण नाही.”

हे खरे होते. वजन न करता रजिस्टर भरणे हा एक दोष झाला. पण मी स्वतः रचलेला आकडा घरी येऊन पत्नीला पुरावा म्हणून दाखवत होतो, आणि दाखवताना माझा त्यावर विश्वासही असे. स्वतःच्या हाताने लिहिलेली गोष्ट सुवाच्य असेल, तर ती खरीही वाटू लागते. माझ्या मुलीचे छिद्र दोन वर्षे माझ्या त्या अक्षरामागे लपून राहिले.

दाखल होताना

धुळ्याच्या रुग्णालयात दाखल होताना खिडकीवर वजन विचारले. मी सवयीने “एकवीस” म्हणालो. वॉर्डमधील सिस्टरांनी मनस्वीला काट्यावर उभे केले. आकडा आला सोळा किलो दोनशे ग्रॅम.

“एकवीस कुठून आणलं?” सिस्टरांनी विचारले.

“शाळेतली नोंद आहे.”

“शाळेचं वजन इथं चालत नाही, सर. माझा मुलगाही शाळेतच जातो, मला माहीत आहे.” त्यांनी कागदावरील एकवीस खोडून सोळा पूर्णांक दोन लिहिले आणि शेजारी सही केली. “झोपेचं औषध किलोवर देतात. पाच किलोचा फरक म्हणजे काय, कळतं ना?”

सुनंदा मागे उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, “यांच्या रजिस्टरात आमची पोरगी चांगली जाडजूड आहे हो.”

सिस्टर हसल्या. सुनंदा हसली नाही.

दोन जोड्या

संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. वयाने माझ्याहून लहान, पण बोलणे नेमके. त्यांनी सांगितले की या उपचारासाठी त्यांच्याकडे औषधांच्या दोन जोड्या वापरतात आणि दोन्ही रुळलेल्या आहेत. दोन्हींत एक औषध सारखेच असते. फरक सोबतच्या दुसऱ्या औषधाचा. एका जोडीने मूल लवकर झोपते आणि लवकर उठते, पण श्वासावर अधिक लक्ष ठेवावे लागते. दुसरीत श्वास सहसा चांगला राहतो, पण नाडी मंदावू शकते आणि जाग सावकाश येते. काही मुले जागी होताना घाबरतात, रडतात, हातपाय झाडतात. तसे कोणत्या जोडीत कमी होते, याची त्या रीतसर परवानगी घेऊन तुलना करीत होत्या. कोणत्या मुलाला कोणती जोडी द्यायची, हे बंद पाकिटातून ठरत असे. पालकांना ते सांगितले जात नसे.

“त्यातली बरी कोणती?” मी विचारले.

“सर, ते ठाऊक असतं तर मी तुमच्याकडे हा कागद घेऊन आले असते का?”

कागद म्हणजे एक तक्ता होता. मूल वॉर्डमध्ये परतल्यापासून दर पंधरा मिनिटांनी पालकांनी एक रकाना भरायचा: झोपेत की जागे, शांत की अस्वस्थ, रडले का, उलटी झाली का, ओळखले का. नाडी आणि श्वास यंत्रावर दिसतच असतात. पण मूल कसे उठले हे आईबापांइतके कोणी ओळखत नाही, असे त्या म्हणाल्या. सहभागी व्हायचे नसेल तर तसे सांगा, उपचारात काहीही फरक पडणार नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितले.

मी संमतीपत्र पूर्ण वाचले, त्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि सही केली. खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. सोळा किलोंची नामुष्की धुऊन काढण्याची ही संधी आहे, असे वाटले. नोंदी कशा ठेवाव्यात ते आता यांना दिसेल.

“मी पोरीकडे बघते, तुम्ही लिहा,” सुनंदा म्हणाली.

“दोघांनी केलं की घोळ होतो. हे काम माझं.”

रकाने

सकाळी मनस्वीला आत नेले. दारापर्यंत जाण्याची परवानगी होती. ती माझे बोट धरून होती आणि तिने फक्त एकच विचारले, “इथे तुम्ही पप्पा आहात, की सर?” मी म्हणालो, “पप्पा.” मग दार बंद झाले.

त्या दीड तासाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी असा काळ काढला आहे त्यांना तो माहीत आहे, आणि ज्यांना काढायचा आहे त्यांना तो सांगून कमी होणार नाही. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. मी घड्याळ पाहत होतो. छत्री नीट बसली, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तेव्हा सुनंदाने आधी त्यांना नमस्कार केला आणि नंतर माझ्याजवळून पुढे जाऊन आपल्या भावाला फोन लावला.

बारा वाजता मनस्वी वॉर्डमध्ये आली. उजव्या मांडीवर घट्ट पट्टी होती. सहा तास हा पाय सरळ ठेवायचा, वाकू द्यायचा नाही, अशी सक्त सूचना मिळाली. सुनंदाने आदल्या दुपारपासून काही खाल्ले नव्हते. मी तिला उपाहारगृहात पाठवले. ती जाताना म्हणाली, “झोपू नका हं.”

बारा: झोपेत, शांत. सव्वाबारा: झोपेत, शांत. साडेबारा: डोळे किलकिले केले, पुन्हा झोप. हे तीन रकाने खरे आहेत.

त्यानंतर मी झोपलो.

जाग आली तेव्हा एक वीस झाले होते. मनस्वी डोळे मिटून पडली होती, पाय सरळ होता. तक्त्यातील पावणेएक, एक आणि सव्वा हे रकाने कोरे होते. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. उपाहारगृहाच्या रांगेत अडकलेली सुनंदा अजून आली नव्हती. मी पेनाचे टोपण काढले आणि पहिल्या रकान्यात लिहिले, ‘झोपेत, शांत’. दुसऱ्यात लिहिले, ‘झोपेत, शांत, एकदा हात हलवला’. तिसऱ्यात पुन्हा ‘झोपेत, शांत’.

हात हलवल्याचे मी का लिहिले, हे वाचकांना सांगणे भाग आहे. तिन्ही रकाने एकसारखे दिसले तर संशय येईल, म्हणून. हे करायला मला विचार करावा लागला नाही. हाताला ते येत होते.

दीड वाजता

सिस्टर पट्टी पाहायला आल्या आणि त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावले. पट्टी रक्ताने भिजली होती आणि भोवती सूज दिसत होती. एक डॉक्टर दोन बोटांनी जागा दाबून उभे राहिले. भूलतज्ज्ञ बाईही आल्या. त्यांनी सर्वप्रथम माझा तक्ता उचलला.

“पाय वाकवला? ओढाताण केली?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी तक्ता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, “मूल शांत पडून होतं आणि तरी रक्त आलं, म्हणजे आत कुठे गळतंय का ते बघावं लागेल. सोनोग्राफी लावू. स्थिर राहिली नाही तर परत थोडं झोपवावं लागेल.”

एवढ्यात सुनंदा आली आणि पलंगाच्या पायथ्याशी थबकली. मुलीला पुन्हा झोपवायचे, तेही माझ्या तीन रकान्यांच्या आधारावर, हे मला कळत होते. तरी मी एवढेच म्हणालो, “थोडी हलली असेल कदाचित.”

“असेल म्हणजे? तुम्ही पाहिलंत का, सर?” भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले.

मी तक्त्याकडे पाहत राहिलो. तेव्हा शेजारच्या पलंगावरून आवाज आला. तेथे शिरपूरकडच्या एका खेड्यातील बाई आपल्या नातीला घेऊन होत्या. त्यांच्या नातीचा उपचार आदल्या दिवशी झाला होता. वॉर्डमध्ये सगळे त्यांना अक्का म्हणत.

“गुरजी, बोला ना. तुम्ही जपेल व्हतात,” अक्का म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. “बाई, पोर उठनी व्हती. मोठमोठानी रडनी, पाय झाडाले लागनी. ‘सर, सर’ करी राहिंती. मी समजनू, डाक्टरले हाका मारी राहिनी. मी तिना पाय धरी बसनू, जपी गयी तवय सोडा.”

मुलगी मोठ्याने रडत उठली होती, पाय झाडत होती, मी रात्रभराच्या जागरणाने एवढ्या आवाजातही झोपलेलो होतो, सिस्टर त्या वेळी वॉर्डबाहेर होत्या, आणि ती पुन्हा झोपेपर्यंत या अनोळखी बाई तिचा पाय धरून बसल्या होत्या. ती ज्याला हाका मारत होती तो डॉक्टर नव्हता, हे त्या वॉर्डमध्ये फक्त सुनंदाला आणि मला कळले.

“अक्का सांगतात ते खरं आहे,” मी म्हणालो. “मी झोपलो होतो. ते तीन रकाने मी उठल्यावर भरले.”

भूलतज्ज्ञ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी अक्कांना किती वेळ रडली, कोणाला ओळखत होती का, उलटी झाली का, असे एकेक विचारले. मग दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, “ओढाताणीने रक्त सुटलेलं दिसतंय. आधी दाबून धरू, वाट बघू.”

वीस मिनिटे ते डॉक्टर बोटे न हलवता दाबून उभे होते. त्या काळात पलंगाच्या एका बाजूला सुनंदा होती आणि एका बाजूला मी. ती माझ्याकडे पाहत नव्हती, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी होतो. रक्त थांबले. पुन्हा झोपवावे लागले नाही. सूज वाढते का, हे ते संध्याकाळपर्यंत पाहत राहिले. ती वाढली नाही.

खोडलेला तक्ता

चार वाजता मी तो तक्ता घेऊन भूलतज्ज्ञ बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी त्यावर तिरकी रेघ मारली आणि कारण लिहिले.

“अक्कांनी सांगितलंय त्यावरून रकाने पुन्हा भरता येणार नाहीत का?” मी विचारले.

“मुलीच्या केसपेपरवर ते लिहिलंय, उपचारासाठी लागतं. तुलनेत घेता येणार नाही. घड्याळ बघून कोणी लिहिलं नव्हतं.” तक्ता बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “झोप लागली म्हणून कोणी रागावलं नसतं, सर. कोरा रकाना मला चालतो. कोरा आहे म्हणजे माहीत नाही, एवढं तरी खरं कळतं. तुम्ही मुलांना काय सांगता, उत्तर येत नसेल तर?”

मी मुलांना सांगतो की काहीतरी लिहाच, कोरे सोडू नका, एखादा गुण मिळतो. हे मी त्यांना सांगितले नाही.

वॉर्डमध्ये परतलो तेव्हा मनस्वी पूर्ण जागी होती. सुनंदा तिला चमच्याने पाणी पाजत होती. अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणला होता. अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

“खा गुरजी. भुक्या पोटे झोप येस, त्यामा काय इतलं?”

मी म्हणालो, “अक्का, झोपेचं नाही हो.”

“माले माहीत शे,” त्या म्हणाल्या आणि नातीची वेणी घालू लागल्या.

घरी आल्यावर

मनस्वी आता बरी आहे. जिना चढते, लंगडी खेळते, भांडते. जागी होताना तुला काय दिसले, असे मी तिला विचारले. ती दर वेळी वेगळे सांगते. एकदा छत चालत होते म्हणाली, एकदा काही आठवत नाही म्हणाली. आता मी विचारत नाही. जे त्या वेळी पाहायला हवे होते, ते आता तिच्याकडून काढून घेता येणार नाही.

सुनंदाने मला एकदाच विचारले, “अक्का बोलल्या नसत्या तर तुम्ही बोलला असतात?” मी ‘हो’ म्हणालो. मग म्हणालो, “माहीत नाही.” दुसरे उत्तर ऐकल्यावर ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन समोर बसली. त्या दिवसापासून आमचे थांबलेले बोलणे हळूहळू सुरू झाले.

शाळेत मी जामनेरच्या एका व्यापाऱ्याकडून दिवसभरासाठी इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि वर्गातील सर्व मुलांचे वजन केले. रजिस्टरशी एकाचाही आकडा जुळला नाही. दोन मुलांचे वजन फारच कमी भरले. मी त्यांच्या घरी जाऊन तपासणी करून घ्या असे सांगितले, आणि जुने आकडे मी न मोजता लिहिले होते, हेही सांगितले. एका मुलीचे वडील केळीच्या गाडीवर रावेरला जायला निघाले होते. ते चप्पल घालता घालता थांबले.

“म्हणजे दोन साल तुम्ही आमच्या पोरीला न बघताच लिहीत होते?”

“हो.”

“आणि प्रगतिपुस्तकावर आम्ही सही करत होतो.” त्यांनी मुलीला हाक मारली आणि माझ्यादेखत तिला दोन्ही हातांनी उचलून पाहिले. मुख्याध्यापकांना मी लेखी कळवले आहे. त्याचे जे व्हायचे ते होईल.

औषधांच्या जोड्यांबद्दल मी वर जे लिहिले, ते भूलतज्ज्ञ बाईंचे बोलणे माझ्या समजुतीप्रमाणे मांडले आहे. त्यांचे काम अजून चालू आहे. पाय किती तास सरळ ठेवायचा, पाणी केव्हा द्यायचे, मुलाला कोणते औषध द्यायचे, हे आमच्या मुलीबाबत जसे होते तसे तुमच्या मुलाबाबत असेलच असे नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे की यातील कोणतीही गोष्ट मी लिहिली म्हणून खरी धरू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, कागद स्वतः वाचा आणि आपल्या मुलाकडे स्वतः पाहून खात्री करून घ्या.